अंगठा आणि सूर्य : एका बोधचिन्हाची घडण आणि वाचन

बोधचिन्हाची समीक्षा कशी करावयाची, ह्याविषयी आपल्याकडे अद्याप पुरेसा विचार झालेला नाही. चित्राविषयी तो थोडाफार झाला आहे; काव्याविषयी तर उदंड झाला आहे. परंतु कागदाच्या कोपऱ्यात, दुकानाच्या पाटीवर किंवा पावतीच्या माथ्यावर जी लहानशी आकृती आपण दिवसातून अनेकदा पाहतो, तिच्यापुढे आपली समीक्षा एकतर मौन धरते, किंवा संकल्पनकाराचे निवेदनच उतरवून घेते. ह्या विषयावरील पदव्युत्तर प्रबंध वाचताना हे विशेष जाणवते. प्रथम कोणती कच्ची रेखाटने झाली, त्यांतून किती पर्याय निघाले, कोणते का गाळले, रंग कसे ठरले, आणि शेवटी आकृती कशी सिद्ध झाली, असा क्रमवार वृत्तान्त त्यांत असतो. तो उपयुक्त असतो, ह्यात शंका नाही. पण कवीने आपली कविता कशी सुचली हे सांगितले म्हणजे त्या कवितेची समीक्षा झाली, असे आपण मानीत नाही. मग बोधचिन्हाच्या बाबतीतच ही सवलत का द्यावी? शिवाय ह्या वृत्तान्तांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे चिन्ह घडण्याची प्रक्रिया संकल्पनकाराच्या मेजावर संपते. प्रस्तुत लेखात ह्या गृहीताची तपासणी एका उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे.

उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, किंबहुना ते आपणा प्रत्येकाच्या खिशात आहे. ‘आधार’ ह्या ओळखक्रमांकाच्या बोधचिन्हासाठी देशभर खुली स्पर्धा घेण्यात आली. तीत दोन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या आणि अतुल सुधाकरराव पांडे ह्यांची आकृती निवडली गेली. एप्रिल २०१० मध्ये नाव व चिन्ह ही दोन्ही जाहीर झाली. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर रोजी, देशातील पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली ह्या गावी, पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत देण्यात आले. म्हणजे हे चिन्ह ज्यांच्यासाठी काढले होते त्यांच्या हाती ते प्रथम पडले ते तापीच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्यातील जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. ह्या आकड्यांचा बोधचिन्हाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की ह्या चिन्हाच्या मध्यभागी बोटाचा ठसा आहे. आणि ठसा ही जेथे रोजच्या व्यवहारातील वस्तू आहे, तेथे तो केवळ आकार राहत नाही.

प्रथम आकृतीच पाहू. पिवळ्या किरणांचा सूर्य आणि त्याच्या मध्यभागी तांबड्या रेषांनी काढलेला बोटाचा ठसा, एवढाच तिचा मजकूर. खाली ‘आधार’ हा शब्द. प्रत्येक व्यक्तीची ओळख अद्वितीय असल्यामुळे तिच्यासाठी समान संधीची नवी पहाट उगवते, असा तिचा अर्थ त्या वेळी अधिकृतपणे सांगण्यात आला होता. ह्या अर्थविवरणाकडे क्षणभर दुर्लक्ष करावे असे मी सुचवितो. सूर्य हे चिन्ह वापरून वापरून गुळगुळीत झालेले आहे. पतपेढ्या, शाळा, औषधालये आणि राजकीय पक्ष ह्या सर्वांनी त्याला राबविले आहे. बोटाचा ठसाही तसाच. रहस्यकथांच्या मुखपृष्ठांपासून कुलपांच्या जाहिरातींपर्यंत तो सर्वत्र आढळतो. दोन शिळ्या प्रतिमा एकत्र आणल्याने ताजी प्रतिमा निर्माण होत नसते. येथे ती झाली असेल, तर ती एका शोधामुळे : ठशाच्या रेषा एका गाभ्याभोवती वळतात आणि सूर्याचे किरण एका बिंबापासून फाकतात, तेव्हा गाभा आणि बिंब ह्यांचे स्थान एकच करता येईल. संकल्पनकाराच्या मनात हा शोध कोणत्या क्षणी लागला, हे त्याच्या रेखाटनांच्या वहीवरून कदाचित कळेल. परंतु तो लागला आहे, हे कळण्यास वहीची गरज नाही. आकृतीतच ते लिहिलेले आहे.

मर्ढेकरांची परिभाषा येथे सहज उपयोगी पडते. (मर्ढेकरांचा जन्म १९०९ साली फैजपूरचा, म्हणजे खानदेशातला, त्यामुळे हे उपरे माप नव्हे, असे विनोदाने म्हणता येईल.) ‘सौंदर्य आणि साहित्य’ ह्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल ह्या लयीच्या तीन तत्त्वांची जी मांडणी आहे, ती लावून पाहिली तर हे चिन्ह चांगलेच उतरते. दोन्ही रेषासमूह एकाच केंद्राशी बांधलेले, हा संवाद. एक समूह वक्र, दुसरा सरळ. एक तांबडा, दुसरा पिवळा. एक आत वळणारा, दुसरा बाहेर धावणारा, हा विरोध. आणि गडद रंग आत, उजळ रंग बाहेर असल्यामुळे आकृती फुटत नाही, हा समतोल. आकृतिबंध म्हणून हे काम समर्थ आहे, असा माझा अभिप्राय आहे आणि पुढील विवेचनात मी तो मागे घेणार नाही.

परंतु मर्ढेकरांच्या कसोटीवर उतरलेली आकृती ही चित्र म्हणून उतरली. चिन्ह म्हणून तिची परीक्षा अद्याप व्हावयाचीच आहे. चित्र आणि चिन्ह ह्यांतील भेद आकारमानाचा किंवा प्रतिष्ठेचा नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये १९३५ साली व्यापारी कलेचा स्वतंत्र विभाग निघाला, तेव्हापासून ‘शुद्ध’ कला वरची आणि ‘उपयोजित’ कला खालची अशी एक उतरंड आपल्या मनात बसली आहे. ती येथे निरुपयोगी आहे. खरा भेद असा, की चित्र पाहणाऱ्याने चित्रापाशी जावयाचे असते, तर चिन्ह पाहणाऱ्यापाशी येते, बोलावले नसतानाही येते. आणि पाहणारा ज्या ठिकाणी उभा असतो तेथील जुन्या अर्थांच्या गर्दीतून त्याला वाट काढावी लागते.

ही गर्दी नंदुरबारात, व एकूणच मराठी मुलखात, कशी आहे? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बोधचिन्ह ही कल्पना आपण युरोपातून घेतली, असे समजण्याचा प्रघात आहे. मराठेशाहीतील महजर आणि वतनपत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे मान्य होणार नाही. त्या कागदांच्या शेवटी गोताच्या साक्षी असत. लिहिता येणारा आपले नाव लिही. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे ‘निशाणी’ काढली जाई. पाटलाची निशाणी नांगर. सुतार, न्हावी आणि इतर बलुतेदार ह्यांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या हत्याराची आकृती. चार-दोन रेषांत काढलेली, ओळखू येणारी, पिढ्यान्‌पिढ्या तीच राहणारी, आणि काढणाऱ्याचा हक्क सिद्ध करणारी ही आकृती म्हणजे बोधचिन्हाची अगदी काटेकोर व्याख्याच होय. तिचे एक वैशिष्ट्य विशेष ध्यानात घ्यावे. निरक्षराची निशाणी त्याच्या अक्षरशून्यतेकडे बोट दाखवीत नसे, ती त्याच्या कामाकडे बोट दाखवी. नांगर काढणाऱ्याला काय येत नाही हे त्यावरून कळत नसे. काय येते ते कळे. त्याच्या मागे जातीची उतरंड उभी होती आणि माणसाला त्याच्या धंद्याशी जखडून टाकण्याची रीतही होती, हे विसरून चालणार नाही. तरीही साक्षीच्या कागदावर ती आकृती काहीएक सांगत होती, एवढे मान्य करावे लागते.

एकोणिसाव्या शतकात ह्या जागी अंगठा आला. त्याचा उगम सुप्रसिद्ध आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल ह्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. हेतू ओळख पटविण्याचा फारसा नव्हता. पुढे आपली सही नाकारण्याची त्याची छाती होऊ नये, हा होता. पुढे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसविले. १८९७ साली कलकत्त्यास ठसे ठेवण्याची कचेरी निघाली, आणि पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री ह्यांचे मिळाले. अर्थात ठसा हा जन्मापासूनच अविश्वासाचे अपत्य आहे. माणसाच्या शब्दावर विसंबता येत नाही, म्हणून त्याच्या कातड्यावर विसंबावयाचे.

मराठी भाषेने ह्या बदलाची नोंद चोख ठेवली आहे. ‘निशाणी’ हा शब्द टिकला, पण नांगर जाऊन ‘निशाणी डावा अंगठा’ असा त्याचा विस्तार झाला. ‘अंगठेबहाद्दर’ आणि ‘अंगठाछाप’ ह्या शिव्या झाल्या. (‘अंगठा दाखविणे’ म्हणजे नकार देणे, फसविणे, हा वाक्प्रचार वेगळ्या वाटेने आला असला, तरी बोलणाऱ्याच्या मनात तो शेजारीच बसलेला असतो.) आणि भिल्लांच्या प्रदेशात अंगठ्याची आणखी एक कथा आहे, ती एकलव्याची. गुरुदक्षिणा म्हणून दिलेला तो अंगठा महाभारतातून उठून ह्या डोंगरांत केव्हाच वस्तीला आला आहे. भिल्ल धनुर्धर बाण सोडताना अंगठा लावीत नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. ही झाली पुराणातली गोष्ट. इतिहासातली गोष्ट अशी, की जुन्या पश्चिम खानदेशात, आणि विशेषतः शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात, आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या कागदांवरून दुसऱ्यांच्या नावे झाल्या. आणि न वाचता येणाऱ्या कागदावर माणूस अंगठाच उठवितो. अंबरसिंग महाराजांच्या प्रेरणेने आणि १९७२ साली उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या द्वारा ह्या भागात जो लढा झाला, त्याच्या मुळाशी हातातून गेलेली जमीन होती. अशा जमिनी परत करण्याविषयीचा राज्याचा कायदाही त्याच दशकातला, १९७४ चा आहे.

आता टेंभलीकडे परत येऊ. ज्या प्रदेशात अंगठा म्हणजे कापून घेतलेला, उठवून घेतलेला, हिणवला गेलेला अवयव, त्या प्रदेशात तोच अंगठा सूर्यबिंबाच्या जागी बसवून परत दिला गेला. संकल्पनकाराने हे जाणून केले होते काय, हा प्रश्न गौण आहे. परिणाम म्हणून पाहता ह्या चिन्हाने केलेला अर्थबदल मोठा आहे. नाकारलेल्या अक्षराच्या जागी येणारी खूण आता प्रत्येकाचीच खूण झाली. प्राध्यापकालाही अंगठा द्यावा लागला आणि ऊसतोड मजुरालाही. मराठी निशाणीच्या इतिहासातील हा तिसरा टप्पा होय. पहिल्यात निशाणी कामाची होती, दुसऱ्यात ती उणिवेची झाली, तिसऱ्यात ती निव्वळ देहाची झाली. तिसऱ्या टप्प्याने दुसऱ्यातील अपमान पुसला. मात्र पहिल्यातील माहिती परत आणली नाही. नांगर पाहून पाटील ओळखता येई. ठसा पाहून कोणताही माणूस कोणत्याही माणसाला ओळखू शकत नाही, यंत्रच ओळखते. चिन्हाच्या मध्यभागी अशी एक लिपी आहे, जी ज्याची त्यालाही वाचता येत नाही. मला ही ह्या आकृतीतील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते, आणि तिच्याविषयी कोणत्याही अर्थविवरणात अवाक्षर नाही.

त्याच वर्षी आलेले दुसरे चिन्ह तुलनेस घेण्याजोगे आहे. १५ जुलै २०१० रोजी मान्य झालेले रुपयाचे चिन्ह डी. उदय कुमार ह्यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत संशोधन करीत असताना सिद्ध केले. तेही स्पर्धेतूनच निवडले गेले. देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा काढून टाकलेले रोमन ‘आर’ ह्यांचा संयोग, आणि माथ्यावर शिरोरेषेला समांतर दुसरी रेषा. त्यात सूर्य नाही, पहाट नाही. पण नंदुरबारच्या मिरचीबाजारात खडूने फळीवर भाव लिहिणारा माणूस ते एका हातासरशी काढतो. मूळ आकृतीशी त्याचे वळण तंतोतंत जुळत नाही, जुळण्याचे कारणही नाही. निशाणीच्या जुन्या व्याख्येतील एक अट, वापरणाऱ्याला ती स्वतःच्या हाताने काढता आली पाहिजे, ही येथे पाळली गेली आहे. आधारचे चिन्ह हाताने कोणी काढीत नाही. ते छापून येते. म्हणून रुपयाचे चिन्ह सौंदर्यदृष्ट्या किंचित कोरडे असूनही आपले झाले आहे, आणि आधारचे चिन्ह अधिक संपन्न असूनही कार्यालयाचेच राहिले आहे.

घडणीच्या प्रश्नाकडे आता दुसऱ्या बाजूने येता येईल. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे नर्मदा. तिच्या पलीकडे अलिराजपूर आणि छोटा उदेपूर ह्या भागांत राठवा आणि भिलाला घरांतून पिठोऱ्याची भित्तिचित्रे काढली जातात. त्यांतील घोड्यांविषयी आणि रंगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्याला येथे केवळ प्रक्रियेचा विचार करावयाचा आहे. हे चित्र हौसेने काढले जात नाही. घरावर काही संकट आले असता बोललेल्या नवसाची ती फेड असते. कुमारिका भिंत पांढरी करतात. लखारा चित्र काढतो. रंगांत दूध आणि मोहाची दारू मिसळलेली असते. चित्र पुरे झाले, की ते पुरे झाले असे लखारा ठरवीत नाही. बडवा येतो, अंगात संचार झाल्यावर चित्रातील एकेक आकृती ओळखून तिचा उच्चार करतो, आणि काही राहून गेले असल्यास ते त्याच वेळी काढून घेतो. मग चित्र लागू होते.

ह्या रीतीत श्रद्धेचा जो भाग आहे तो बाजूला ठेवला तरी कलाविचाराच्या दृष्टीने एक मोलाची गोष्ट उरते : वाचन हा घडणीचाच अंतिम टप्पा आहे. चित्रकार आणि वाचक ह्या दोन स्वतंत्र भूमिका आहेत, आणि वाचकाला दुरुस्तीचा अधिकार आहे. त्या वाचनासाठी चित्राच्या मालकाचे सबंध घर आणि गाव समोर बसलेले असते. बोधचिन्हाच्या आधुनिक प्रक्रियेत परीक्षकमंडळ असते, पण ते निवड करते, वाचीत नाही. दोन हजार प्रवेशिकांतून एक निवडणे आणि एक आकृती तिच्या धन्यांपुढे वाचून दाखविणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. टेंभलीच्या ओसरीवर ही आकृती २०१० च्या एप्रिलपूर्वी ठेवली असती, तर लोकांनी काय विचारले असते, ह्याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. सूर्य आहे, चंद्र कोठे आहे? पिठोऱ्यात सूर्य आणि चंद्र दोघेही असतात. आपल्या शिलालेखांवर व वीरगळांवरही ती जोडी असते, आणि तेथे तिचा अर्थ पहाट असा नसून साक्ष असा असतो : हे दान, हे वचन, आकाशात हे दोघे आहेत तोवर चालेल. चंद्राविना सूर्य म्हणजे एका साक्षीदाराचा कागद. ही टीका कोणाला अवास्तव वाटेल. परंतु ‘अंगठा का?’ हा दुसरा प्रश्न तितका अवास्तव नव्हता, आणि त्याला उत्तर देताना संकल्पनकाराला स्वतःच्या आकृतीविषयी काही नवे कळले असते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल व तो रास्त आहे. पिठोऱ्याचे चित्र एका घरासाठी असते आणि प्रत्येक वेळी नव्याने काढले जाते. राष्ट्रव्यापी चिन्हाला शेकडो बोलींच्या देशात एकच राहावे लागते. त्याला प्रत्येक ओसरीवर नेता येणार नाही. खरे आहे. पण ह्या दोन टोकांच्या मध्ये काहीच नाही, असे नव्हे. नंदुरबार जिल्ह्यातून तापी पश्चिमेस सुरत जिल्ह्यात जाते, तेथे तिच्याच काठी हरिपुरा आहे. १९३८ सालच्या काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल बसूंनी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे सुमारे चारशे चित्रफलक तयार केले. हाती बनविलेला कागद, साधे मातीचे रंग, झरझर फिरलेला कुंचला. विषय ढोलकरी, शिकारी, सुतार, चांभार, दळणारी बाई. हे फलक दालनात टांगले नव्हते. ते वाटेवर, प्रवेशद्वारांवर, तंबूंवर लावले होते, येणाऱ्याजाणाऱ्या खेडुताने जाता जाता पाहावेत म्हणून. म्हणजे त्यांचे कार्य चिन्हाचे होते आणि देह चित्राचा. आणि गंमत अशी, की त्यांत माणूस त्याच्या कामावरून ओळखला जातो. महजरातील निशाणीच जणू पुन्हा रंगात आली. सार्वजनिक उपयोगाची आकृती आणि स्थानिक वाचन ह्यांची सांगड एका थोर चित्रकाराने ह्याच नदीच्या काठी घातली होती, हे आपल्या अभ्यासक्रमांतून क्वचितच सांगितले जाते.

नंदलालांचे फलक अधिवेशनापुरते होते. बोधचिन्हाला मात्र वापरात झिजावे लागते, आणि झीज हीच त्याची खरी परीक्षा. येथे मी एक अगदी साधे निरीक्षण मांडतो, जे कोणीही स्वतः करून पाहू शकेल. आधारपत्र मूळ स्वरूपात फारसे कोणी देत-घेत नाही. देवघेव चालते ती त्याच्या नकलेची. तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोरची झेरॉक्सची दुकाने ह्याच नकलांवर उभी आहेत. शिधापत्रिकेला जोडावयाची नक्कल, शिष्यवृत्तीला जोडावयाची नक्कल, निराधार योजनेच्या अर्जाला जोडावयाची नक्कल. (निराधारालाही आधार असल्याखेरीज निराधार ठरता येत नाही, भाषेने केलेला हा विनोद संकल्पनकाराच्या हातातला नव्हता.) ही नक्कल काळी-पांढरी असते. तीत तांबडा रंग गडद उतरतो आणि पिवळा फिकट होत होत, यंत्र जुने असल्यास, जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणजे सूर्य मावळतो आणि अंगठा उरतो. जी आकृती अंगठ्याला सूर्यपद देण्यासाठी घडविली, तीच आकृती तिच्या सर्वांत प्रचलित रूपात ‘निशाणी डावा अंगठा’ होऊन परत येते.

हा दोष छपाईचा आहे, संकल्पनाचा नाही, असे म्हणून सुटका होणार नाही. आकृती काळ्या-पांढऱ्यात कशी दिसेल हे आधी पाहावे, हा ह्या विद्येचा पहिला धडा आहे. तो संकल्पनकाराला ठाऊक नव्हता असे मानणे अन्यायाचे होईल. बहुधा चिन्हाचा स्वतंत्र एकरंगी आराखडा असेलही. पण नक्कल काढणारे यंत्र आराखडा विचारीत नाही. पिवळा रंग हा सूर्याचा स्वाभाविक रंग म्हणून आला. येथे अर्थाने तंत्रावर मात केली आणि तंत्राने तिचा सूड घेतला. किरणांना नुसता रंग देण्याऐवजी जाडी दिली असती, तर ते टिकले असते.

दुसरी झीज अधिक कठीण आहे. चिन्हातील ठशाच्या रेषा अखंड, स्वच्छ आणि सुवाच्य आहेत. नंदुरबारच्या खेड्यांतून दर हंगामात माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. कोयता, उसाची धारदार पाने, माती आणि पाणी ह्यांनी बोटांची कातडी घासली जाते, चिरते, घट्टे पडतात. अशी बोटे यंत्रावर ठेवली असता ठसा जुळत नाही, हा अंगमेहनत करणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे, म्हाताऱ्यांचाही आहे. ‘पुन्हा ठेवा, पुसून ठेवा, दुसरे बोट ठेवा,’ असे सांगितले जाते. ज्या कामाची निशाणी पूर्वी कागदावर काढली जात असे, ते कामच आता निशाणी पुसून टाकते. चिन्हातला ठसा कोणाचा आहे, हा प्रश्न येथे अपरिहार्य होतो. तो ज्याच्या हाताला कोयत्याचा घट्टा नाही अशा माणसाचा आहे. संकल्पनकाराने तसे मुद्दाम केले नाही. आदर्श ठसा घेण्याची रूढी त्याने पाळली. पण रूढी ही तपासावयाची असते, आणि ती तपासण्याची जागा ओसरी होती.

शब्दांचेही काही सांगणे आहे. प्रारंभी चिन्हाच्या जोडीला जे घोषवाक्य छापले जाई, त्यात सामान्य माणसाच्या अधिकाराचा उल्लेख होता. पुढे ते बदलून ‘माझे आधार, माझी ओळख’ असे झाले. आकृती तीच राहिली. अधिकार ही दुसऱ्याकडून मिळवावयाची गोष्ट, ओळख ही दुसऱ्याला पटवून द्यावयाची गोष्ट. दोन्ही वाक्यांना तोच सूर्य पुरला. चिन्हाची ही लवचीकता काही जण त्याचे यश मानतील. मला त्यात अर्थाचा ढिलेपणा दिसतो. पाटलाच्या नांगराखाली कोणतेही वाक्य लिहिता आले नसते.

शेवटी एका प्रकाराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधतो. जिल्ह्यात फिरताना सेवाकेंद्रांच्या पाट्या पाहाव्या. काही पाट्या छापील कापडाच्या असतात. पण जेथे पेंटरने पत्र्यावर हाताने रंगविलेली पाटी असते, तेथे थांबावे. तांबडा रंग असतो तो दुकानात मिळणारा तांबडा. ठशाच्या अनेक बारीक रेषा कुंचल्याला झेपत नाहीत, म्हणून त्यांच्या चार-पाच जाड कमानी होतात. किरणांची संख्या डब्यात उरलेल्या रंगावर ठरते. अशा कमानींत बोटाचा ठसा ओळखू येईलच असे नाही. डोंगरामागून उगवणारा सूर्य, किंवा क्वचित शेताचे बांध, असेही काही दिसते. विद्यापीठाच्या संग्रहासाठी अशा पाट्यांची छायाचित्रे, तालुका आणि तारीख ह्यांसह, कोणीतरी गोळा करावयास हवीत. पत्र्यावरचा रंग ह्या प्रदेशातल्या उन्हात फार वर्षे टिकत नाही.